कल चाचणी म्हणते ‘सोशल’, मी तर स्टोअर्सवाला!

प्रश्न : ताई, वय ४३, शिक्षण बी.कॉम. भोसरीत सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात १७ वर्षं स्टोअर्समध्ये होतो. मार्चमध्ये प्लांट दुसऱ्या राज्यात हलवला आणि आम्ही घरी बसलो. ऐंशी ठिकाणी बायोडेटा पाठवला, फोन आले दोन. मुलीने मोबाइलवर माझी एक इंग्रजी कल चाचणी घेतली, साठ प्रश्नांची. उत्तर आलं ‘सोशल’. आता या वयात समाजसेवा करू का? एक जण साडेचार हजारांत पूर्ण रिपोर्ट आणि मार्गदर्शन देतो म्हणतोय. नवीन पोरं आली की शिकवायचं काम माझ्याच गळ्यात पडायचं, त्यापलीकडे माझ्यात विशेष काही नाही. काय करू?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : आधी ते साडेचार हजार खिशातच ठेवा.

साठ प्रश्नांची म्हणता, तर मुलीने बहुतेक अमेरिकेच्या कामगार खात्याची फुकट चाचणी घेतली असणार. जॉन हॉलंड या मानसशास्त्रज्ञाने कामाच्या आवडीचे सहा गट पाडले, त्यावर ती बेतलेली आहे. हाताने करायचं काम, शोध घ्यायचा, कला, माणसं, धंदा आणि नोंदी-हिशेब असे ते सहा. ही चाचणी तुम्हाला काय आवडेल एवढंच विचारते, काय येतं ते विचारत नाही. त्यामुळे तिला कुंडलीसारखं धरून बसू नका. पण हसण्यावारीही नेऊ नका. ‘सोशल’ म्हणजे यातला ‘माणसं’ हा गट, समाजसेवा नव्हे. शिकवणं, समजावणं, माणसं सांभाळणं, हे सगळं त्यात येतं. आता स्वतःच्याच पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य वाचा. चाचणीने तेच सांगितलंय, आणि तुम्ही ते ‘विशेष काही नाही’ म्हणून ढकलून दिलंत.

मी बावीस वर्षं पर्सोनेल खात्यात काढली. एकदा एक गृहस्थ मुलाखतीला आले, बायोडेटावर एकच ओळ : ‘स्टोअरकीपर, १५ वर्षे’. दहा मिनिटांत मी त्यांना वाटेला लावलं. नंतर दारावरच्या वॉचमनकडून कळलं की बाहेर थांबलेले असताना ते त्याला सांगत होते, पावसाळ्यात माल गंजायचा म्हणून त्यांनी रॅक भिंतीपासून हलवून घेतले आणि रिजेक्शन जवळजवळ बंद झालं. मला ते बोलले नाहीत, कारण मी विचारलं नाही. पण त्यांनी लिहिलंही नव्हतं ना! तुमचे ऐंशी बायोडेटा मी पाहिलेले नाहीत, तरी पैज लावते, त्यातही असंच असेल.

म्हणून हे करा. जुनी डायरी घ्या आणि आठवडाभर रोज दोन प्रसंग लिहा, आपल्या साध्या मराठीत. काय अडलं, मी काय केलं, त्यातून किती वेळ, माल किंवा पैसा वाचला. जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) वेळेत झाला नाही म्हणून सप्लायरचं बिल अडकलं तो दिवस, वर्षअखेरीच्या स्टॉक टेकिंगमधला फरक, बिन कार्ड (रॅकवरच्या मालाच्या आवक-जावकीचं कार्ड) कोरं ठेवणारा तो पोरगा आणि त्याला तुम्ही कसं वळण लावलंत ते. मग प्रत्येक प्रसंगापुढे खूण करा : येतं आणि आवडतं, येतं पण आता नको. या दुसऱ्या खुणेत काय काय पडतं ते नीट बघा. रात्रपाळी की वजन उचलणं की साहेबाची बोलणी, ते मला इथे बसून कसं कळणार? शेवटी डायरी बायकोला आणि एखाद्या जुन्या सहकाऱ्याला वाचायला द्या. आपण विसरलेलं ते सांगतात.

एवढं झाल्यावरच पोर्टल उघडा. केंद्राचं ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ २०१५ पासून आहे, नोंदणी फुकट, मदतीचा नंबर १५१४. राज्याचं ‘महास्वयंम’ही आहे. तिथे नुसतं ‘स्टोअरकीपर’ शोधून थांबू नका. वेअरहाऊस सुपरवायझर, इन्व्हेंटरी, डिस्पॅच, ट्रेनर हे शब्दही टाका. चाकणच्या गोदामांत स्कॅनर हातात घेतलेली विशीतली पोरं आहेत, त्यांना फिफो म्हणजे काय (आधी आलेला माल आधी बाहेर) हे शिकवणारं माणूस लागतंच. अर्ज आठवड्याला पाचच करा, पण प्रत्येकात डायरीतले दोन प्रसंग आकड्यांसकट घाला. नोकरी लावतो म्हणून अनामत मागणाऱ्याचा फोन सरळ ठेवून द्या.

एक पैशाची गोष्ट, कारण घाई तिच्यामुळेच होते. ग्रॅच्युइटी मिळाली का? ढोबळ हिशेब असा : शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, त्याला २६ ने भागा, १५ ने गुणा, मग नोकरीच्या वर्षांनी, म्हणजे १७ ने, गुणा. ती रक्कम महिन्याच्या घरखर्चाने भागली की किती महिने शांतपणे शोधता येईल ते कळेल. पीएफ मात्र काढू नका, नव्या नोकरीत वर्ग करून घ्या.

मुलीला सांगा, चाचणी बरोबर होती. आणि डायरीतले पहिले दहा प्रसंग मला पाठवा. किती पोरं तुमच्या हाताखालून गेली, तो आकडा त्यात हवाच.