गौराईला शेपू-भाकरी तिथीला, पाहुण्यांना पुरणपोळी शनिवारी

श्रावण लागला की देशाबाहेरच्या लेकी-सुनांची पत्रं सुरू होतात. या वेळी तिन्ही प्रश्न तिकडच्या चुलीचेच निवडलेत. चूल म्हणजे काचेची शेगडी, पण असू दे.

प्रश्न : काकू, माझं माहेर उत्तरेश्वर पेठेतलं, सासर कागलचं. आम्ही दोघं जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो. 'यंदापासून गौरी तुझ्याकडं आण' असं सासूबाईंनी सांगितलंय. दोन खोल्यांचं घर, विजेची शेगडी, दोघांच्या नोकऱ्या, आणि गौरी आल्यात ऐन कामाच्या दिवसांत. बारा माणसं जेवायला बोलवायची आहेत, त्यातले चौघं यांच्या ऑफिसातले जर्मन. आईची यादी वेगळी, सासूबाईंची वेगळी, इथली एक मैत्रीण म्हणते सोळा भाज्या लागतात. गौरीला लागणारा तेरडा तर कुठंच मिळत नाही. सगळं शनिवारी ढकललं तर चालेल का? (नाव छापू नये.)

उत्तर : सगळं ढकलू नकोस, निम्मं ढकल. गौर अनुराधा नक्षत्रावर येते, ज्येष्ठावर जेवते आणि मूळ नक्षत्रावर जाते. हे तीन दिवस देवाचे. पाहुण्यांचं जेवण ही तुझी हौस आहे, तिला नक्षत्र नाही. ती खुशाल शनिवारी कर.

आता खरी गंमत बघ. आपल्या कोल्हापूर भागात गौर आली की पहिल्या संध्याकाळी तिला काय दाखवतात? शेपूची भाजी, भाकरी आणि वडी. माहेरी दमून आलेल्या लेकीला साधं जेवण. आणि शेपू हा तुमच्या जर्मनीत कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो! 'डिल' म्हणतात त्याला, माशावर आणि काकडीच्या कोशिंबिरीत घालतात. इकडं मंडईत शेपूकडं नाक मुरडणाऱ्या बायका मी रोज बघते, आणि तिकडं तो कुंडीत लावून विकतात. म्हणजे ज्या नैवेद्याची तिथी चुकवायची नाही, तोच तुला सगळ्यात सोपा आहे. ऑफिसातनं येताना जुड्या घेऊन ये, तासाभरात गौर जेवेल.

जुड्या मात्र तिकडच्या बारीक असतात आणि वास आपल्या शेपूपेक्षा सौम्य. दोघांच्या भाजीला तीन-चार घे. तुर्की वाण्याकडं जुडी चांगली जाडजूड मिळते. मूगडाळ अर्धा तास भिजव, हिरवी मिरची आणि जिऱ्याची फोडणी दे, झाकण न ठेवता परत. नैवेद्याची आहे म्हणून लसूण नाही.

भाकरीचं सांगते. ज्वारीचं पीठ भारतीय दुकानात मिळेल, पण ते किती महिन्यांचं आहे देव जाणे. जुन्या पिठाची विरी गेलेली असते, थापायला घेतलं की कडा फाटतात. अशा पिठाला उकळतं पाणी घालून झाकून ठेव, कोमट झालं की मळ, आणि तळहाताएवढीच थाप. मोठी थापून कुणाला दाखवायचीय? जाळ नसल्यामुळं भाकरी शेवटी तव्यावरच उलटून फडक्यानं कडेकडेनं दाबायची, फुगते. शेगडी इंडक्शनची असेल तर तव्याला लोहचुंबक चिकटतो का ते आधी बघ. ॲल्युमिनियमचा तवा त्यावर तापणारच नाही. बिडाचा उत्तम, फक्त काचेवर आदळू नकोस.

तेरड्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुला कुणीतरी नक्की सांगणार की नदीकाठी रानात तेरडा माजलाय. तो आपल्या तेरड्याच्या जातकुळीतलाच, हिमालयातला. शोभेसाठी युरोपात नेला आणि तिथं त्यानं ओढ्याकाठची बाकीची झाडं दाबून टाकली. 2017 पासून तो युरोपीय संघाच्या उपद्रवी परक्या वनस्पतींच्या यादीत आहे. लावायला, पाळायला, इकडून तिकडं न्यायला मनाई. शिवाय बोंडाला हात लागला की बी फटकन उडून लांब पडतं. तेव्हा त्याच्या वाटेला जाऊ नकोस. खड्यांच्या गौरी आणणारी कितीतरी घरं महाराष्ट्रात आहेत. पाच स्वच्छ खडे घे, नाहीतर सासूबाईंकडनं मुखवटा मागव आणि तांब्यावर बसव. विसर्जन बादलीत. नदीत तर काही सोडायचंच नाही, आणि त्याचं वाईटही वाटून घेऊ नकोस. इथं कोल्हापुरातसुद्धा पंचगंगेत न सोडता कितीतरी घरचे गणपती आता इराणी खण नावाच्या जुन्या खाणीत आणि मोठ्या काहिलीत जातात.

सोळा भाज्या तुझ्या मैत्रिणीच्या घरची रीत असेल, छानच आहे. तुझ्या सासरी कागलला करत नसतील तर श्टुटगार्टला जाऊन नवी रीत ओढवून घ्यायचं कारण नाही. आई आणि सासूबाईंच्या याद्या शेजारी ठेव. दोन्हींत जे सामाईक आहे तेवढंच कर. मला न बघताच माहीत आहे काय निघेल ते : पुरणपोळी, येळवणीची (कटाची) आमटी, भजी, कुरडई, एक कोशिंबीर, भात. बास झालं. दुसऱ्या दिवशीच्या नैवेद्याला दोन पोळ्या पुरतात, आणि त्याच पुरणातनं शनिवारचं जेवण निघतं.

बारा माणसांना पाऊण किलो हरभरा डाळ आणि पाऊण किलो गूळ घे. मध्यम आकाराच्या चोवीस-पंचवीस पोळ्या होतील. डाळ भारतीय दुकानातलीच आण. तिकडच्या सुपरमार्केटात पिवळ्या वाटाण्याची डाळ मिळते, दिसायला सख्खी बहीण, पण पुरण चिकट होतं आणि चवीला वाटाणाच लागतो. गूळ नाहीच मिळाला तर सेंद्रिय मालाच्या दुकानात 'पानेला' बघ. दक्षिण अमेरिकेतला तोही उसाचा रस आटवूनच केलेला असतो. आपल्या गुळाची सर नाही, पण साखरेपेक्षा शंभर पटीनं बरा. पुरणयंत्र इकडून वाहून नेऊ नकोस. जर्मन घरांत टोमॅटो आणि सफरचंद गाळायचं हातानं फिरवायचं यंत्र असतं, 'फ्लोटे लोटे' म्हणतात. नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणाच्यातरी आजीकडं असणारच. मागून आण, आणि त्यांनाही जेवायला बोलव.

पोळीला तिथला 405 नंबरचा मैदा निम्मा आणि चपातीचा आटा निम्मा. मीठ, हळद घालून सैल मळ, तेल लावून दोन तास विसरून जा. पुरण बुधवारी केलंस तरी फ्रिजमध्ये शनिवारपर्यंत चांगलं राहतं, लाटायच्या आधी तासभर बाहेर काढ. पोळ्या शुक्रवारी रात्री करून टाक. फडक्यात गार कर, मग डब्यात भर, शनिवारी तुपावर गरम कर. तव्यासमोर घामाघूम उभी राहून गरम पोळी वाढणारी बाई मला सणाला बघवत नाही, आणि बारा माणसांत तशी एकच बाई असते हेही ठरलेलं.

तूप घरी कढव. तिकडं विरजण लावलेल्या सायीचं लोणी वेगळं मिळतं, पाकिटावर 'झाउअररामबुटर' लिहिलेलं असतं, मीठ नसलेलं बघून घे. आपलं लोणी विरजणातनंच निघतं, म्हणून त्या लोण्याचं तूप घरच्यासारखं रवाळ आणि वासाचं होतं. तयार तुपासारखा डबा मिळतो तो भजी तळायला वापर.

येळवणी, म्हणजे डाळ शिजल्यावर वरचं पाणी, ते सगळं वेगळं काढ. मूठभर पुरण, चिंच, भाजलेलं खोबरं घालून आमटी उकळ, नैवेद्याची वाटी काढ, आणि मग उरलेल्या आमटीला आपली कांदा-लसणाची चटणी घालून वरून फोडणी दे. जर्मन पाहुण्यांसाठी एक पातेलं चटणी न घालता ठेव. कोल्हापूरचं म्हणून त्यांना ठसका लावून दाखवायची हौस पुरुषांना फार असते, नवऱ्याला आधीच बजाव. कुणाला शेंगदाण्याची किंवा काजूची ॲलर्जी आहे का ते निमंत्रण देतानाच विचार. आणि आपल्यासारखा आग्रह तिथं करू नकोस. ते 'नको' म्हणाले म्हणजे नकोच असतं. उलट हवं असलं तर मागतीलच असंही नाही, म्हणून पोळ्यांचं ताट मध्ये ठेव आणि दुसरीकडं बघ.

राहिलं काय? कुरडया तळताना स्वयंपाकघराचं दार लाव, खिडकी उघड, नाहीतर बोळातला धुराचा भोंगा आरतीच्या आधी वाजेल. झांजा रात्री दहानंतर वाजवायच्या नाहीत. केळीची पानं आशियाई दुकानात गोठवलेली मिळतात. आणि सासूबाईंना व्हिडिओवर घ्यायचं तर तुझे पाच म्हणजे त्यांचे साडेआठ. त्यांचं जेवण आटोपायच्या आत फोन लाव, म्हणजे सूचना थोडक्यात मिळतील.

प्रश्न : मुलगी नेदरलँड्सला असते. जावई गौरी-गणपतीच्या आधी चार दिवस इथून जाणार आहेत. त्यांच्या बॅगेत पेढे, घरचं तूप, कडीपत्ता, खोबऱ्याच्या वाट्या, गूळ, चटणी आणि कुरडया द्यायचा विचार आहे. काही अडेल का? – एक आई, राजारामपुरी

उत्तर : निम्मी बॅग अडेल. युरोपीय संघात बाहेरच्या देशातनं प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, खव्याच्या पोळ्या, घरचं तूप, सगळं दुधातच आलं. विमानतळावर काढून घेतात आणि टाकून देतात. तुमचं कढवलेलं तूप कचऱ्यात जाण्यापेक्षा तुम्हीच खा.

ताजा कडीपत्ताही नको. 14 डिसेंबर 2019 पासून ताज्या फळा-पानांना वनस्पती आरोग्याचा दाखला लागतो. त्यातनं अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन एवढी पाचच फळं सुटलीत. म्हणजे सोललेला नारळ युरोपच्या नियमाला चालतो, विमान कंपनीला चालतो का ते तिकिटाच्या वेळी विचारा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र काढून ठेवा. सुकं खोबरं तेलकट, आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून विमानात त्याला धोक्याचा माल धरतात. कडीपत्ता सावलीत वाळवून, कुरकुरीत करून द्या, आणि खोबरं तिकडच्या दुकानातनं किसलेलं घेऊ द्या.

गूळ द्या, अगदी जरूर द्या. पण एक लक्षात घ्या, आपली गुऱ्हाळं दिवाळीच्या सुमाराला पेटतात. भाद्रपदात बाजारात असतो तो गेल्या हंगामातला, पावसाळी हवेनं पाझरलेला. किलोचा कोरडा, टणक रवा, म्हणजे छोटी ढेप, निवडा, आधी बटर पेपरात आणि मग दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधा. जावयांच्या शर्टांपासून लांब. पुढच्या वर्षासाठी जानेवारी-फेब्रुवारीत नवा गूळ घेऊन ठेवलात तर रंग आणि चव दोन्ही राहतात. कुरडया डब्यात नको, जागा खातात. ओल्या फडक्यात घडीभर मऊ करून चपट्या केल्यात तर बुरशी धरेल, तसलं काही करू नका. जशा आहेत तशा टॉवेलमध्ये गुंडाळा, थोडा चुरा होणारच, तळल्यावर कुणाला कळत नाही. आणि चटणीची पिशवी हवा काढून बंद केलेली असू द्या, वर काय आहे ते लिहा. विमानतळावर लाल पूड बघून माणसं विचारतात.

प्रश्न : दुबईत असतो. धुळवडीला मित्रांना तांबडा-पांढरा करून घालायचाय. पांढरा रस्सा डब्यातल्या नारळाच्या दुधानं दर वेळी फाटतो. आणि येताना आईच्या हातची चटणी आणि खसखस घेऊन येणार आहे. – इचलकरंजीकर

उत्तर : खसखस आणू नका! संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, आपल्याला ती मसाला वाटते, त्यांच्या कायद्याला ती अफूचं बी. आणि चटणीचंही बघा. आपल्याकडं पुष्कळ घरांत चटणीत खसखस भाजून घालतात. आईला आजच फोन करून विचारा. घातली असेल तर ती चटणी इथंच राहू द्या आणि तुमच्यापुरती वेगळी करायला सांगा, ब्याडगी-संकेश्वरी मिरची तीच, खसखशीच्या जागी तीळ थोडे वाढवून. पांढऱ्या रश्श्यालाही काजू आणि पांढरे तीळ वाटून लावा, खसखस नसल्याचं कळणार नाही. नारळाचं दूध अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, उतरून जरा निवल्यावर घाला. आधी पळीभर अळणी दुधात मिसळा, मग ते दूध पातेल्यात, मंद आचेवर, सतत हलवत. वाफ दिसली की बंद. उकळी आली की फाटलाच समजा, डब्यातलं असो की घरी काढलेलं.