नाशिकच्या सरकारी रुग्णालयातल्या मुलांच्या वॉर्डसाठी आमच्या कॉलनीला निधी जमवायचा आहे. सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की इंदिरानगरच्या तुमच्या कॉलनीने यंदा गणपतीच्या सजावटीवरचा खर्च कमी करून मुलांच्या वॉर्डला मदत करायचं ठरवलंय. पैसे द्यावेत की वस्तू, वर्गणीला परवानगी लागते का आणि लोकांचा विश्वास कसा मिळवायचा, हे तुमचे प्रश्न आहेत. मी पंचवटीतल्या एका मंडळाचा हिशेब बरीच वर्षं सांभाळतो. वॉर्डसाठी असं काम आम्हीही केलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पावती पुस्तकं छापायच्या आधी वॉर्डात जाऊन या. एवढी एकच गोष्ट ऐकलीत तरी तुमचं निम्मं काम मार्गी लागेल. नाशिकमध्ये लोक देतात, पैसा उभा राहतो. पण आपण दिलेली वस्तू तीन वर्षांनी वापरात असेल की कोपऱ्यात कापडाखाली झाकलेली असेल, हे वर्गणी काढण्याआधीच्या चौकशीवर ठरतं.

रुग्णालय कोणतं, ते आधी पक्कं करा. त्र्यंबक रोडचं सिव्हिल हे राज्य शासनाच्या आरोग्य विभागाचं, तर नाशिकरोडचं बिटको आणि कथड्याचं डॉ. झाकीर हुसेन ही महापालिकेची. सिव्हिलसाठी पत्र जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावाने जातं, महापालिकेच्या रुग्णालयासाठी तिथल्या वैद्यकीय विभागाच्या प्रमुखांच्या नावाने. साहेबांची परवानगी घ्या, पण यादी मागा ती वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरकडे आणि बालरोगतज्ज्ञांकडे. रात्री दोन वाजता काय कमी पडतं, हे सिस्टरला नेमकं माहीत असतं. दुपारी, ओपीडी संपल्यावर जा. दोघंच जा, कॉलनीची मिरवणूक नेऊ नका. आणि यादी लेखी घ्या, रुग्णालयाच्या सही-शिक्क्यासह. पुढे प्रत्येक ठिकाणी तोच कागद लागणार आहे.

आपल्या मनात असतं एखादं मोठं यंत्र, त्यावर कॉलनीच्या नावाची पाटी. सिस्टरची यादी बहुतेक वेळा वेगळी निघते. नवजात बाळांच्या कक्षाचंच घ्या. कमी वजनाच्या बाळाला अंगातली ऊब टिकवता येत नाही, म्हणून त्याला वॉर्मरवर ठेवतात. कावीळ असेल तर निळ्या उजेडाखाली ठेवतात. श्वास कमी पडत असेल तर सीपॅप लावतात, आणि औषध थेंबाथेंबाने अचूक जावं म्हणून सिरिंज पंप असतो. ही यंत्रं शासनाकडूनही येतात. संपतात आणि तुटतात ते त्यांचे सुटे भाग. ऑक्सिजनचं प्रमाण दाखवणारा प्रोब बाळाच्या पावलाला गुंडाळतात. त्याची वायर नाजूक असते, सतत वाकून ती आतून तुटते. मग हजारो रुपयांचा मॉनिटर चालू असूनही त्या बाळासाठी बंदच. सीपॅपच्या नळ्या, नाकात बसणारे छोटे प्रॉंग, वॉर्मरचे तापमान मोजणारे प्रोब, पंपांच्या बॅटऱ्या, या गोष्टींची पाटी लागत नाही आणि देणगीदारांच्या यादीत त्या नसतातच. मला विचाराल तर तुमच्या निधीचा मोठा वाटा याच सामानावर घाला.

यंत्रच द्यायचं असेल तर त्याच्यासोबत पाच वर्षांची देखभालही द्या. कोटेशन मागताना एएमसी आणि सीएमसी या दोन देखभाल करारांतला फरक विचारा. एएमसीमध्ये साधारणपणे तंत्रज्ञाची फेरी आणि मजुरी येते, सुटे भाग आपले. सीएमसीमध्ये भागही धरलेले असतात. नेमकं काय धरलंय ते लेखी घ्या. ज्या कंपनीचा माणूस नाशिकला येतो तिचंच यंत्र घ्या, मुंबईहून तंत्रज्ञ येईपर्यंत वाट बघणं वॉर्डला परवडत नाही. वॉर्डात आधीपासून ज्या बनावटीची यंत्रं आहेत तीच घेतली तर प्रोब आणि नळ्या एकमेकांना चालतात, हेही सिस्टरला विचारून ठरवा. आणि यंत्र दिलं की त्याची डेड स्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे रुग्णालयाच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, नोंद झाल्याची पोच मागा. नोंद नसलेलं यंत्र बिघडलं तर दुरुस्ती कुणी करायची, हा प्रश्न तसाच लोंबकळत राहतो.

विजेचं तर अजिबात विसरू नका. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागली आणि १० बाळं गेली. त्या बातमीनंतर मला कितीतरी दिवस नीट झोप लागली नव्हती. एकेक वॉर्मर कित्येक शे वॅट वीज घेतो, त्यात सीपॅप, मॉनिटर, पंप एकाच भिंतीवरच्या बोर्डाला जोडलेले. म्हणून विजेवर चालणारं काहीही देण्याआधी या खोलीची वायरिंग आणखी भार पेलेल का, फायर ऑडिट झालंय का, हे रुग्णालयाला लेखी विचारा. उत्तर 'आधी वायरिंग बदलावी लागेल' असं आलं, तर यंत्राचा नाद सोडा आणि त्या कामाचा पाठपुरावा करा.

आता जे देऊ नये त्याबद्दल. दूध पावडरचे डबे आणि बाटल्या कुणीतरी नक्की सुचवेल, चांगल्या मनानेच सुचवेल. पण १९९२ चा एक केंद्रीय कायदा आहे. त्यानुसार आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकली जाणारी पावडर आणि दुधाच्या बाटल्या अनाथालयाखेरीज कुणालाही दान करता येत नाहीत. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. कारण साधं आहे, फुकट डबा हातात आला की आईचं दूध मागे पडतं, आणि डबा संपल्यावर बाळाला ना ते मिळतं ना हे.

त्याऐवजी आईकडे बघा. सिव्हिलला सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या पाड्यांवरून बायका येतात. बाळ आत कक्षात असतं, आणि आईला दर दोन-तीन तासांनी दूध काढून द्यायचं असतं. घरी जाऊन येणं शक्यच नाही. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतिणीला मोफत जेवण आहे, पण नेहमीच्या बाळंतपणाला ३ दिवस आणि सिझेरियनला ७ दिवस. सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ कित्येक आठवडे आत राहू शकतं. तेव्हा त्या आईला पुढे जेवण कुठून मिळतं, सोबत आलेल्या आजीचं काय, त्या रात्री कुठे झोपतात, हे जरूर विचारा. कांगारू पद्धतीत बाळाला आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून तासन्‌तास ठेवतात. त्यासाठी मागे रेलता येईल अशी खुर्ची लागते आणि पडदा लागतो. अंबड-सातपूरच्या एमआयडीसीत खुर्च्या, सलाईनचे स्टँड, पलंगाशेजारची लॉकरं बनवून देणारे फॅब्रिकेटर गल्लोगल्ली आहेत. त्यांच्याकडे वर्गणी मागू नका, काम मागा. लोखंड तुमचं आणि मजुरी त्यांची म्हटलं, तर बहुतेक जण हसत हो म्हणतात. डिझाइन मात्र सिस्टरला दाखवून घ्या. टोकदार कोपरे नकोत, आणि रोज जंतुनाशकाने पुसता येईल असा पृष्ठभाग हवा.

एक सावधगिरी. वर्गणी चालू झाली की एखाद्या आजारी मुलाचे नातेवाईक थेट तुमच्याकडे येतील. त्यांना परत पाठवू नका, पण वॉर्डचा निधी तिकडे वळवूही नका. आधी त्यांना सरकारकडून जे मिळायला हवं ते मिळवून द्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, योजनेतल्या रुग्णालयात बसणारा आरोग्यमित्र कागदपत्रं सांगतो. जन्मतः हृदयदोष वगैरे असेल तर २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून शस्त्रक्रियेची सोय होते. आणि धर्मादाय नोंदणी असलेल्या मोठ्या खासगी रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवकाला जाऊन भेटायचं. हे सगळं माहीत नसल्याने लोक दागिने मोडतात, ते पाहून फार वाईट वाटतं. तुमच्या कॉलनीतल्या दोन तरुणांनी एवढीच माहिती नीट शिकून घेतली तरी वॉर्डात त्यांचं मोल कुठल्याही यंत्राइतकं असेल.

परवानगी लागते. नोंदणी नसलेल्या मंडळाने लोकांकडून पैसे गोळा करायचे तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळं घेतात तीच. अर्जात हेतू लिहायचा असतो, म्हणून उत्सवाच्या परवानगीवर वॉर्डची वर्गणी काढू नका, हेतू स्पष्ट लिहा आणि नंतर हिशेब सादर करा. नाशिकला हे कार्यालय आहे, अर्ज ऑनलाइनही होतो.

पण तुमच्यासारख्या कॉलनीने पैसे स्वतःकडे घेऊच नयेत असं माझं मत आहे. सरकारी रुग्णालयांना नोंदणीकृत रुग्ण कल्याण समिती असते, तिला देणगी स्वीकारता येते. लोकांकडून धनादेश थेट समितीच्या नावे घ्या, मागे हेतू लिहा, गठ्ठा करून एकत्र नेऊन द्या आणि प्रत्येकाच्या नावाची पावती आणा. वस्तू घेऊन द्यायची असेल तर पुरवठादाराला थेट बँकेतून पैसे द्या. काहीही झालं तरी कुणा कार्यकर्त्याच्या खासगी यूपीआयवर पैसे घेऊ नका. तो माणूस कितीही सरळ असू दे, पुढच्या वर्षी शंका त्याच्यावरच येते आणि चांगला कार्यकर्ता कायमचा घरी बसतो.

करसवलतीचं आश्वासन देऊ नका. आधी संस्थेला देणगीदाराला करात वजावट मिळवून देणारी मान्यता (८०जी म्हणून ओळखली जाणारी) आहे का ते विचारा. असली तरी २,००० रुपयांच्या वरची रोख देणगी त्यात धरत नाहीत, आणि नवी करप्रणाली घेतलेल्यांना ही वजावट नाहीच. कॉलनीतली मुलं परदेशात असतील तर भारतीय पासपोर्ट असलेला आपल्या कमाईतून बँकेमार्फत देऊ शकतो. ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलंय त्याचे पैसे विदेशी देणगी ठरतात आणि त्याला वेगळी नोंदणी लागते. अशांना नम्रपणे नाही म्हणा. मोठ्या कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजकार्यासाठीचा निधी, तुमच्या कॉलनीच्या हाती येणार नाही. पण ओळखीचं कुणी कंपनीत असेल तर रुग्णालयाच्या शिक्क्याची ती यादी त्यांच्यापर्यंत पोचवा, बोलणी त्यांची आणि रुग्णालयाची थेट होऊ द्या.

पैसे जमवायची पद्धत आम्हाला सगळ्यात मानवली ती अशी. 'वॉर्डसाठी मदत करा' असं मोघम न म्हणता मंडपात फलक लावायचा. त्यावर वस्तूचं नाव, ती बाळाला कशासाठी लागते हे एका ओळीत, तीन कोटेशनमधून ठरलेली किंमत, आणि किती हव्यात. जी घेतली गेली तिच्यावर खूण. कुणी नातवाच्या बारशाला दोन प्रोब घेतं, कुणी वडिलांच्या वर्षश्राद्धाला आईसाठीची खुर्ची. शाळेतली चार पोरं मिळून एक नळीचा संच घेतात. रकमेपेक्षा वस्तू लोकांच्या मनात बसते. दिंडोरी-निफाडकडे कुणाचे द्राक्षबागायतदार नातेवाईक असतील तर त्यांना गणपतीत गाठू नका. तेव्हा छाटणीचा खर्च तोंडावर असतो. माल निघाल्यावर, मार्च-एप्रिलच्या सुमारास जा. कालिदास कलामंदिरात नाटकाचा मदतप्रयोग लावायची कल्पना कुणीतरी मांडेल. तिकिटं खपवणारी खमकी माणसं असतील तरच करा, नाहीतर भाडं आणि मानधन वजा जाता हाती फार उरत नाही.

हिशेब उत्सव संपल्यावर लगेच लावा, बिलांच्या प्रतींसह, त्याच फलकावर. आणि सहा महिन्यांनी परत वॉर्डात जा, दिलेलं चालतंय का बघा. मॉनिटर बंद दिसला तर उरलेल्या निधीतून प्रोब बदला. म्हणूनच जमलेला सगळा निधी एकदम खर्च करायचा नाही, साधारण पाचवा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायचा.

फोटोंबद्दल मी आग्रही आहे. सलाईन लावलेल्या मुलाचा, रडणाऱ्या आईचा फोटो कुठेही लावू नका, त्यांनी हो म्हटलं तरी. उपचार मिळतील की नाही या भीतीत असलेला माणूस नाही म्हणूच शकत नाही. यादीचा फोटो लावा, खुर्चीचा लावा, बिलाचा लावा.

आणि तुमच्या मुलांना वॉर्डात जाऊन खेळणी वाटायची आहेत, त्याबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. केसाळ टेडी नकोत, त्यात जंतू राहतात. धुता येतील अशी प्लास्टिकची किंवा लाकडी रंगवलेली, तोंडात न जाणारी, मोठ्या आकाराची खेळणी आणि चित्रांची मराठी पुस्तकं द्या. पलंगापलंगाशी जाऊन वाटू नका. सिस्टरकडे सोपवा, त्या मुलांच्या तब्येतीप्रमाणे देतात. सर्दी-खोकला झालेल्या कुणालाही सोबत नेऊ नका, आणि तुमची लहान मुलं वॉर्डाबाहेर थांबलेलीच बरी. त्यांना हवं तर पुस्तकांना कव्हरं घालायचं काम द्या, ते घरी बसून होतं.