फेरेटची झोप, शेपटी आणि कोकणातला मे महिना

ताई, तुमचा प्रश्न सावकाश वाचला. फेरेटची, म्हणजे पाणमांजराच्या कुळातल्या या छोट्या पाळीव प्राण्याची, पाच-सहा महिन्यांची मादी, मुंबईहून गुहागरला आणलेली. दिवसभर झोपते, हाक मारली तरी उठत नाही, उठली की थरथरते, शेपटीचे केस विरळ झालेत, आणि काल एकदा शी हिरवट झाली. शेवटी तुम्ही विचारलंय, "ती जगेल ना?" तुम्हाला ज्या गोष्टींची भीती वाटतेय, त्यातल्या बऱ्याचशा फेरेटच्या बाबतीत रोजच्या आहेत. मला काळजी वाटते ती तुम्ही न लिहिलेल्या गोष्टीची. घरात एसी आहे की नाही, हे तुमच्या प्रश्नात कुठेच नाही.

आधी भीती दूर करते. फेरेट दिवसाचे चौदा ते अठरा तास झोपतात. कधी कधी झोप इतकी गाढ लागते की उचलून घेतलं तरी मान लुळी पडते आणि घरातल्यांच्या पोटात गोळा येतो. अशा वेळी हिरड्या बघा. गुलाबी असतील, छाती हलत असेल, आणि मिनिटाभरात ती जांभई देऊन उठली, तर काही झालेलं नाही. उठल्यावर थोडा वेळ थरथरणं हेही नेहमीचं, झोपेत उतरलेलं शरीराचं तापमान ती त्यातून वर आणते. शेपटीचे केस तरुण फेरेटमध्ये ऋतू बदलताना झडतात, तिथे काळे ठिपके दिसतात, आणि काही आठवड्यांत केस परत येतात. ज्या अॅड्रिनल (मूत्रपिंडाजवळच्या) ग्रंथीच्या आजाराबद्दल तुम्ही वाचलंत, तो बहुतेक वेळा तीन वर्षांच्या पुढे दिसतो. त्यात शेपटीच्या मुळापासून सुरू झालेलं टक्कल पाठीवर, कुशीवर सरकत जातं आणि खाज असते. तुमच्या पिल्लाच्या वयात ती शंका मनात आणू नका.

आता उकाडा. फेरेटच्या अंगात घामाच्या ग्रंथी नावापुरत्या असतात. पंख्याखाली आपल्याला गार वाटतं ते अंगावरचा घाम सुकतो म्हणून; तिला घामच येत नाही, त्यामुळे नुसता पंखा तिच्या फारसा उपयोगाचा नाही. खोलीचं तापमान सत्तावीसच्या वर गेलं की तिला त्रास सुरू होतो, तीसच्या पुढे उष्माघाताचा खरा धोका. आपल्या किनाऱ्यावर एप्रिल-मेमध्ये पारा विदर्भाइतका चढत नाही, पण हवेत एवढा दमटपणा असतो की रात्रीसुद्धा अंग निवत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: किनाऱ्यावर फेरेट ठेवायचं तर एक खोली एसीची हवी, आणि लाइट गेली तर काय करायचं हे आधी ठरलेलं हवं. वळवाच्या पावसात लाइट तासन् तास जाते. फ्रीजरमध्ये पाण्याच्या दोन-तीन बाटल्या कायम गोठवून ठेवा. लाइट गेली की फडक्यात गुंडाळून तिच्या अंथरुणाशेजारी ठेवा, आणि तिला घरातल्या सगळ्यात गार जागी न्या. चिऱ्याच्या जुन्या घरात ते माजघर असतं. पत्र्याखालची पडवी किंवा स्लॅबखालची वरची खोली अजिबात नको. नुसता अंदाज करण्यापेक्षा तिच्या पिंजऱ्याच्या उंचीवर एक थर्मामीटर टांगा.

तोंड उघडून धापा टाकणं, लाळ गळणं, हिरड्या लालभडक होणं, अंग टाकून पडणं ही उष्माघाताची लक्षणं. तसं दिसलं तर पंजे, पोट आणि जांघा साध्या गार पाण्याने भिजवा, भिजवल्यावर मात्र पंखा लावा. बर्फाचं पाणी ओतू नका, त्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आखडतात आणि आतली उष्णता आतच राहते. तोंडात जबरदस्तीने पाणीही घालू नका. ती सावरल्यासारखी वाटली तरी डॉक्टरकडे न्याच, कारण आतल्या अवयवांचं नुकसान नंतर उघड होतं.

दुसरी गोष्ट पोटाची. फेरेट पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. आतडं आखूड, खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर. त्यामुळे तिला दिवसभर थोडं थोडं खायला समोर हवं आणि उपाशी ठेवणं म्हणजे तिला आजारी पाडणं. फेरेटचं खाद्य मिळालं नाही तर मांजरीच्या पिल्लांचं चांगलं, मांस जास्त असलेलं खाद्य चालतं, कुत्र्याचं नाही. सोबत शिजवलेली, मीठ-मसाला नसलेली कोंबडी द्या. वरण-भात, दूध, बिस्किट आणि मे महिन्यात घरातला प्रत्येक जण प्रेमाने पुढे करतो ती आंब्याची फोड, हे सगळं बंद. कच्चे मासे देऊ नका. काही माशांत बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो, आणि काट्यांची भीती वेगळीच. सुकट तर खारट म्हणूनच वर्ज्य. पावसाळ्यात कोरड्या खाद्याला आपल्याकडे बघता बघता बुरशी धरते, तेव्हा लहान पिशवी घ्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

एकदाच झालेली हिरवट शी बहुतेक वेळा अन्न घाईने बाहेर पडल्याची खूण असते. खाद्य बदललं, प्रवास झाला, भूक मेली की असं होतं. तुमच्याकडे प्रवास तर झालाच आहे. ती खेळतेय, खातेय, तर एक दिवस बघा. पण शी पुन्हा पुन्हा पातळ, हिरवी, शेंबडासारखी झाली, किंवा डांबरासारखी काळी झाली, तर थांबू नका. एवढ्याशा जिवातलं पाणी काही तासांत कमी होतं.

आणि शी अजिबात झाली नाही तर जास्त घाबरा. फेरेटला रबराचं वेड असतं. स्लिपरचा पट्टा, खोडरबर, रिमोटची बटणं, इअरफोनच्या टोप्या, काहीही कुरतडून गिळतात. ते आतड्यात अडकलं की उलटी होईलच असं नाही. ती फक्त खाणं सोडते, दात करकर वाजवते, पंजाने तोंड खरवडते, मलूल होते. यावर घरगुती उपाय नाही, बऱ्याचदा ऑपरेशनच करावं लागतं. दारातल्या चपला आजच उंच फळीवर ठेवा. फरशी फिनाईलने पुसत असाल तर ती खोली तिच्यासाठी बंद. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन यांतली गोळी तुकडाभरसुद्धा द्यायची नाही.

घरात कुणाला ताप-सर्दी असेल तर त्याने तिला हाताळू नये. माणसाचा फ्लू फेरेटला होतो. १९३३ साली शास्त्रज्ञांनी माणसातला फ्लूचा विषाणू पहिल्यांदा वेगळा केला तो फेरेटच्याच मदतीने. लसींबाबत डॉक्टरांशी नीट बोला. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणूचा आजार फेरेटला झाला तर जवळजवळ नेहमीच जीव घेतो, म्हणून संरक्षण हवंच. पण कुत्र्यांची नेहमीची जिवंत विषाणूंची एकत्र लस डोळे झाकून टोचायची नाही, काही लसींतून तोच आजार उद्भवू शकतो. रेबीजची मृत विषाणूंची लस तीन महिन्यांनंतर देता येते, पुढे दर वर्षी. टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबा, फेरेटला लसीची रिअॅक्शन येऊ शकते.

तुमची मादी आहे म्हणून हे खास सांगते. नसबंदी झाली आहे का, हे विकणाऱ्याला विचारा आणि डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. न केलेली मादी माजावर आली आणि नराशी संग झाला नाही, तर माज आपोआप उतरत नाही. आठवडेच्या आठवडे इस्ट्रोजेन हे मादीचं संप्रेरक वाढत राहतं, अस्थिमज्जा रक्त तयार करेनाशी होते आणि पंडुरोगाने ती दगावू शकते. योनीला सूज दिसली तर तारीख लिहून ठेवा आणि लगेच डॉक्टरांना कळवा.

शेजारचे म्हणतील, मुंगूसच ते, सोडा खळ्यात, साप मारील. ऐकू नका. फेरेट मुंगसाच्या कुळातलं नाही, पाणमांजराच्या कुळातलं आहे, आणि चिऱ्यांच्या ढिगाऱ्यात बसलेल्या फुरशापुढे तिचा निभाव लागणार नाही. खरेदीची पावती मात्र जपून ठेवा. मुंगूस पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि कुणी तक्रार केली तर कागद हाताशी असलेला बरा.

डॉक्टर आत्ताच शोधा, ती ठणठणीत असताना. तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर गाई-म्हशी, शेळ्या, कुत्री बघतात. फेरेट त्यांनी पाहिलं नसेल, पण सलाइन, इंजेक्शन, वजन, तापमान हे सगळं त्यांना येतं. मुंबई-पुण्यात ससे, पक्षी, फेरेट बघणारे डॉक्टर आहेत. त्यांच्यापैकी एकाशी बोलून ठेवा आणि दोघांची फोनवर गाठ घालून द्या. गुहागरहून चिपळूण गाठायलाच तास जातो, पुढे मुंबई तर रात्रभराची वाट. न्यायचीच वेळ आली तर दुपारी निघू नका. डॉक्टरांना सांगा की तिचं तापमान ३७.८ ते ४० अंशांच्या दरम्यान असेल तर तो ताप नव्हे. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तिला डब्यात बसवून वजन लिहा. उद्या सकाळची शी कशी होते आणि खोलीत दुपारी तीनला किती तापमान असतं, एवढं मला कळवा.