मराठी कथा-कादंबऱ्यांत आणि मालिकांत बायका आणि मुसलमान पात्रं ठरलेल्या साच्यातलीच का असतात? वेगळं काही वाचायचं तर काय वाचावं?

दुसऱ्या प्रश्नाकडे येईन, जमलं तर. पहिल्याचं उत्तर मला एका मालिकेच्या कपडेपटात मिळालं आणि ते दोनच शब्दांचं आहे: "कळणार कसं?"

मी सात वर्षं मालिकांचे संवाद लिहिले. माहेर सांगली जिल्ह्यातलं. मुसलमान आहे, हे आधीच सांगते, कारण त्याशिवाय पुढचं काही उमगायचं नाही. घरात आम्ही दखनी बोलतो, बाहेर मराठी, आणि भांडण पेटलं की दोन्हीकडे मराठीच.

चौथ्या वर्षी एका मालिकेत नायिकेच्या चाळीत "एक मुस्लिम शेजारीण हवी" असं ठरलं. का हवी? तर पुढच्या महिन्यात ईद होती. मीटिंगमध्ये सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. खोटं कशाला बोलू, मी हरखले. तोवर मी फक्त रडणाऱ्या सुना लिहीत होते.

मी मालनबी लिहिली. आमच्या भागात अशी नावं असतात, अर्धं गावचं आणि शेवटचा 'बी' घरचा. मालनबी म्हणजे माझी खाला, आईची बहीण, नाव तेवढं बदललेलं. खालाचं तालुक्याच्या गावी बांगड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाइकाचा हात ती मांडीवर ओढून घेते, अंगठा आत दुमडते आणि दाबत दाबत, तोंडानं भलतंच काही बोलत, अडीचच्या हातावर सव्वादोनची बांगडी चढवते. हात दाबता दाबता तिला कळतं, कुणाला दिवस गेलेत, कुणाच्या अंगावर सूज आहे, कुणी शेतात खुरपं धरलंय आणि कुणी नुसतं बोलतंय. बांगडी तडकली आणि पोरगी "फुटली" म्हणाली की खाला दटावते, "फुटली नव्हं, वाढवली म्हणावं." नवरीचा हिरवा चुडा भरून झाला की नवरी तिला वाकून नमस्कार करते. खालाचा नवरा जाऊन बावीस वर्षं झाली. विधवा बाईनं नवरीला चुडा भरला म्हणून कुणी हरकत घेतलेली मी तरी बघितली नाही. दुकानात बसली की ती कासारीण, बाकी सगळं नंतर.

हे कुठल्या मालिकेत बघितलंय का तुम्ही? मी तरी नाही.

तर मालनबीचं दुकान होतं, जीभ होती आणि भिशी होती. वीस बायका, महिना पाचशे, दर महिन्याला चिठ्ठी काढायची. माझ्या ट्रॅकमध्ये मालनबी चिठ्ठीत लबाडी करते. आपल्या बहिणीच्या नावाची चिठ्ठी जरा जाड कागदाची करून डब्यात टाकते, म्हणजे बोटाला लागावी. नायिकेच्या सासूला संशय येतो आणि चाळीत पंधरा दिवस महायुद्ध. मला वाटलं, वा. एक हिंदू बाई आणि एक मुसलमान बाई दहा हजारांवरून कचाकचा भांडतायत आणि धर्माचा 'ध' सुद्धा नाही. मी ते सहा एपिसोड एका रात्रीत लिहून दिले होते.

चॅनलवरून उत्तर आलं, मुस्लिम कॅरेक्टर निगेटिव्ह नको, सेन्सिटिव्ह होतं. मी म्हटलं, निगेटिव्ह कुठंय, भिशीवाली आहे. नाही म्हणजे नाही. मालनबीची रुखसारआपा झाली. दुकान गेलं, भिशी गेली. सासूला अपघात होतो, रक्त मिळत नाही, रुखसारआपा रोज्याच्या उपासानं कोरड्या पडलेल्या तोंडानं धावत येते आणि रक्त देते. रक्ताचा रंग एकच असतो, हे वाक्य माझ्याकडूनच लिहून घेतलं. चार एपिसोडांत आली, रक्त दिलं, शीरखुर्मा वाटला आणि गेली. नंतर ती चाळीत राहते की नाही, हे कुणी विचारलंही नाही.

शूटच्या आदल्या दिवशी मी सेटवर होते. कपडेपटात लोखंडी दांडीवर हँगर, प्रत्येकाला चिकटपट्टी आणि त्यावर मार्करनं लिहिलेलं: सासू, काकू, कॉलेज, कामवाली, मुस्लिम लेडी. शेवटच्या हँगरवर गडद हिरवा सलवार-कमीज आणि जरीचा दुपट्टा. मी म्हटलं, आमच्याकडे या वयाच्या बायका साडी नेसतात हो, साधी पाचवारी, डोक्यावर पदर. तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या, "साडीत कळणार कसं?" मी म्हटलं, बोलण्यातून कळेल. "आपण तिला थोडं हिंदीच देऊ या ना, या बेटा वगैरे." मी म्हटलं, माझ्याकडे बघून कळतं का? क्षणभर कुणी बोललं नाही. मग एकीनं हसत सांगितलं, "तू वाटत नाहीस गं." हे मी अकरावीपासून ऐकतेय. म्हणणारा ते कौतुक म्हणूनच म्हणतो, त्यामुळे चिडायचीही सोय नाही.

त्या बाई वाईट नव्हत्या. त्यांचा हिशेब सरळ होता. प्रेक्षक पोळ्या लाटता लाटता मालिका बघतो, अर्धी कानानं, अर्धी तिरक्या नजरेनं. त्यानं मान वर केली की एका झलकेत कळलं पाहिजे, कोण चांगलं, कोण वाईट, कोण कुठलं. म्हणून खलनायिका स्लीव्हलेस, तिची टिकली नागमोडी. नायिकेच्या गळ्यात झोपेतसुद्धा मंगळसूत्र. आणि हा साचा नुसता पडद्यावर राहत नाही, २०१३ च्या सुमाराला एका मालिकेतल्या नायिकेचं मंगळसूत्र तिच्याच नावानं सराफाच्या दुकानात मिळायला लागलं होतं. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि ते या हिशेबाला पास करतात. द्वेष, पूर्वग्रह वगैरे मोठे शब्द फार नंतर येतात. आधी आळस येतो.

मुसलमान बाईला दोन हँगरांचे कपडे एकदम घालावे लागतात, एवढाच फरक. बाई म्हणून तिनं सोसायचं आणि मुसलमान म्हणून सिद्ध करायचं. पुरुषांचंही काही बरं नाही. ऐतिहासिक मालिकेत दाढी-सुरमा, सामाजिक मालिकेत रक्तदान. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमान ११.५ टक्के, म्हणजे सव्वा कोटीच्या वर. त्यातल्या एकालाही मराठी मालिकेत कधी पाण्याच्या टँकरवरून शेजाऱ्याशी भांडताना बघितलंय?

हे सगळं मालिकांनी बिघडवलं, असं म्हणणाऱ्या साहित्यिक मंडळींवर मला जास्त राग आहे. साचा त्यांच्याच घरचा. पहिली मराठी कादंबरी मानतात ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', १८५७ ची. विषय विधवांचे हाल, आणि शेवटी यमुना ख्रिस्ती होते. लिहिणारा कळकळीचा होता, त्यात वाद नाही, पण बाई ही धर्माचा मुद्दा सांगायची जागा, हे तिथंच ठरून गेलं. पुढे लेखक बदलले, मुद्दे बदलले, बाई तिथंच. आणि तक्रारही नवी नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. निमित्त होतं सुरतेच्या एका विधवेच्या खटल्याचं, पण जाता जाता त्यांनी 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' अशा त्या काळच्या गाजलेल्या कादंबऱ्यांनाही झोडपलं, की यात दाखवता तशा बायका आहेत कुठं? मालिकेच्या मीटिंगला मला ताराबाई हव्या होत्या. त्यांनी तो हिरवा दुपट्टा टराटरा फाडला असता. १९९१ च्या 'माहेरची साडी'च्या वेळी असत्या तर काय झालं असतं, तो विचारच नको. तो सिनेमा मी आईबरोबर बघितला आहे आणि दोघी ढसाढसा रडलो आहोत, हेही मान्य करते.

आता वाचायचं काय. ताराबाई तर वाचाच, छोटंसं पुस्तक आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचा. नवऱ्यानं १८९५ ला धर्म बदलला, पुढं पाच वर्षांनी हिनंही, आणि एवढ्या उलथापालथीत बाई स्वतःची फजिती सांगून हसवते. धर्म आणि बाई एकत्र आल्या की गळा काढायलाच हवा असं नाही, हे मला तिथं कळलं. हमीद दलवाईंची 'इंधन'. दलवाई म्हटलं की लोकांना १९६६ चा मुंबईतला सात मुस्लिम बायकांचा मोर्चा आणि १९७० चं मुस्लिम सत्यशोधक मंडळ आठवतं. ते सगळं मोठंच आहे, पण माझ्या दृष्टीनं त्यांचं थोरपण या कादंबरीत आहे, कारण तिच्यातली कोकणातली मुसलमान माणसं चांगली असण्याचं ओझं वाहत नाहीत. वखवखलेली आहेत, हट्टी आहेत, घाबरट आहेत, आणि मराठीत आहेत. त्यांच्या बायकोचं, मेहरुन्निसा दलवाईंचं 'मी भरून पावले आहे' त्याला जोडून वाचा, म्हणजे सुधारकाच्या घरात चूल कोण पेटवत होतं ते कळेल. आणि १९९० ला सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं, त्या पिढीतल्या फ. म. शहाजिंद्यांसारख्यांच्या कविता शोधा. यादी इथंच थांबवते, यादी हे माझं काम नाही.

खरी गोष्ट पुढची आहे. रुखसारआपाचे एपिसोड लागले, तेव्हा मी खालाला फोन करून सांगितलं होतं की बघू नकोस, तुझी वाट लावली आहे. तिनं चारही बघितले. दुकानात टीव्ही लावून, गिऱ्हाइकांसकट. रात्री फोन आला. "लई चांगली दाखिवली की गं. मी एवढी चांगली कुठनं असायला?" मी म्हटलं, खाला, ती तू नाहीसच. मी तुझं दुकान लिहिलं होतं, तुझी जीभ लिहिली होती. आणि बोलण्याच्या भरात भिशीही सांगून बसले.

पलीकडे शांतता. मग खाला म्हणाली, "माझी चोरी टीव्हीवर दाखिवणार हुतीस व्हय?" मी म्हटलं, चोरी नाही गं, स्वभाव. ती म्हणाली, सासूनं भिशीत लबाडी केली तर लोक म्हणतात, सासू लबाड. मी केली तर म्हणतील, ही लोकं लबाड. "तू मुंबईत. सकाळी दुकान मला उघडायचंय." आणि फोन ठेवला. दोन महिने बोलली नाही.

गेली कितीतरी वर्षं मी मनातल्या मनात तिला उत्तर देते आहे. चांगुलपणाचं भाडं भरून किती दिवस राहायचं? रक्त दिलं तरच शेजारी, नाहीतर संशयित, हे तुला चालतं का? तुझ्या गावापासून कडेगाव किती लांब आहे? तिथं मोहरमला गगनचुंबी ताबूत निघतात, त्यातले काही हिंदू घराण्यांचे असतात, आणि ताबूत कुणाचा आधी यावरून मानपानही होतात. मानपान होतात म्हणूनच ते खरं वाटतं. माणसाला रुसता आलं पाहिजे, लबाडी करता आली पाहिजे आणि तरीही त्याच गल्लीत राहता आलं पाहिजे. खाला, तुझ्या खऱ्या दुकानात हे रोज होतं. बायका तुला "लबाड हाय म्हातारी" म्हणतात आणि हात पुढं करतात.

तुम्ही लिहिणारे असाल तर म्हणून सांगते, पहिल्यांदा पात्राची फालतू गोष्ट शोधा. तिला कशाचा हेवा वाटतो, कुणाचे पैसे बुडवलेत. धर्म, जात, सोसणं, त्याग या गोष्टी आपोआप येतात, दाराशीच उभ्या असतात. आणि चॅनलनं "सेन्सिटिव्ह" म्हटलं की समजा, तुम्ही बरोबर जागी आहात.

अर्थात, हे मी सांगते आहे आणि रक्ताचा रंग एकच हे वाक्य माझंच आहे. त्याचे पैसे मी घेतले, त्या वर्षी घराचे हप्ते चालू होते. पुढं तीन वर्षं अजून सुना रडवल्या. सगळ्याच मालिका अशा असतात असंही नाही, मी चार-पाचच आतून बघितल्या. आणि खालाचं म्हणणं चुकीचं आहे असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही, विशेषतः मागच्या काही वर्षांत. तिच्या दुकानाची काच शाबूत आहे, ती माझ्या कादंबरीविचारामुळे नाही, तिच्या धोरणामुळे आहे, असं ती म्हणते.

पण एक मुद्दा मी सोडणार नाही. ती चिठ्ठी जाड कागदाची होती. खाला आजही शपथेवर सांगते की नव्हती, आणि माझ्या आईचं नाव निघालं तो नशिबाचा भाग. मी तेव्हा दहा वर्षांची होते, चिठ्ठी मीच काढली होती, कुठल्या चिठ्ठीला हात घालायचा ते मला आधी सांगितलेलं होतं. त्या दहा हजारांत आमच्या घरी फ्रिज आला.