तुम्ही केलेलं काम रिझ्युमेत आहे का?

या महिन्यात बहुतेक पत्रं आणि मेल रिझ्युमेबद्दलच आलेत, म्हणून सगळी जागा त्यालाच दिलीय. नावं छापत नाहीये, बऱ्याच जणांच्या सध्याच्या ऑफिसातही हे मासिक येतं.

प्रश्न: ताई, माझा मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, शिरोली एमआयडीसीत सीएनसी शॉपमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, 4 वर्षं आहे. चाकण, तळेगावसाठी नोकरी डॉट कॉमवर सारखं अप्लाय करतोय पण कॉलच येत नाही. इंग्रजी यथातथाच आहे, त्यामुळे असेल का? रिझ्युमे जोडलाय. – वाचक, कोल्हापूर

इंग्रजीमुळे नाही. तुमचा रिझ्युमे वाचला, मग मेल परत वाचला, आणि खरं सांगते, मेलच जास्त चांगला आहे. मेलच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की ट्रॅक्टरच्या हाउसिंगसाठी (बाहेरचं कवच) एक फिक्स्चर (पार्ट मशीनवर पक्का धरायचं साधन) तुम्ही स्वतः सुचवून बनवून घेतलं आणि सेटिंगला दीड तास जायचा तो 40 मिनिटांवर आला. रिझ्युमेत हे कुठेच नाही! तिथे काय आहे तर वर करिअर ऑब्जेक्टिव्ह, मग हार्डवर्किंग, पॉझिटिव्ह अ‍ॅटिट्यूड, मग वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, छंद क्रिकेट आणि तळाला डिक्लरेशन. 4 वर्षांच्या कामाला मिळून दोन ओळी, सीएनसी ऑपरेट करतो आणि क्वालिटी मेंटेन करतो. या दोन ओळी चाकणला अर्ज टाकणाऱ्या जवळपास प्रत्येकाकडे असतात, मग एचआरने फोन तुम्हालाच का लावावा?

आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात की स्वतःचं कौतुक स्वतः करू नये. चार माणसांत बसल्यावर ते शोभतंही, पण नोकरी देणारा माणूस तुम्हाला ओळखत नाही, त्याला कागदावर आहे तेवढंच कळणार. आणि तुम्ही जे केलंय ते सांगणं म्हणजे फुशारकी नाही, ती माहिती आहे.

म्हणून सगळ्यात वर ऑब्जेक्टिव्ह काढून एकच ओळ टाका: सीएनसी सेटर-कम-प्रोग्रामर, 4 वर्षं, फॅनुक कंट्रोल, कास्टिंग मशीनिंग (फॅनुक ही मशीनच्या कंट्रोलची कंपनी). त्याखाली काम. तिथे शॉप फ्लोअरवरचा माणूस जे विचारेल त्याची उत्तरं हवीत: टर्निंग (पार्ट फिरवून कापणं) की व्हीएमसी (पार्ट स्थिर, टूल फिरतं), मटेरियल कुठलं, सीआय (साधं बीड) की एसजी आयर्न (जास्त चिवट बीड), टॉलरन्स (मापात चालणारा फरक) किती मायक्रॉनचा पकडता, प्रोग्राम स्वतः लिहिता की फक्त ऑफसेट (टूलच्या मापातली दुरुस्ती) देता, बोअर गेज, मायक्रोमीटर, एअर गेज या मोजायच्या साधनांतलं काय हातात असतं, पीपॅपच्या (नवा पार्ट कस्टमरकडून मंजूर करून घ्यायच्या) कागदांत तुमचा काही हात होता का. फिक्स्चरची गोष्ट या सगळ्याच्या आधी, पहिल्या नंबरला. आकडे प्रॉडक्शन रजिस्टरमधून खात्री करून घ्या, आणि जिथे नोंदच नाही तिथे आकडा बनवू नका, "सुमारे" लिहा किंवा नुसतं काय बदललं ते लिहा, कारण इंटरव्ह्यूला प्लांटचा माणूस बसला तर तो दुसऱ्या प्रश्नातच ओळखतो. कस्टमरचं नाव, ड्रॉइंग, पार्ट नंबर मात्र लिहायचं नाही, "ट्रॅक्टर गिअरबॉक्स हाउसिंग" एवढं पुरतं.

दुसरं म्हणजे एकच रिझ्युमे सगळीकडे जातोय. जाहिरात व्हीएमसी सेटरची असेल आणि तुम्ही वर्षभर व्हीएमसीवर होता तर ती ओळख वर आली पाहिजे, टर्निंग खाली. मोठ्या कंपन्यांत बऱ्याचदा अर्ज आधी सॉफ्टवेअरमध्ये जातात आणि एचआर त्यात शब्द टाकून शोधतात, त्यामुळे जाहिरातीत जो शब्द आहे आणि ते काम तुम्हाला खरंच येतं, तोच शब्द तसाच वापरा. रंगीत दोन कॉलमचं टेम्प्लेट नको, त्यातला मजकूर सॉफ्टवेअर कधीकधी उलटसुलट वाचतं. रिझ्युमेचा फोटो काढून पाठवू नका, साधी पीडीएफ करा. 4 वर्षांच्या अनुभवाला एक पान भरपूर झालं. वडिलांचं नाव, धर्म, आधार नंबर, पॅन नंबर काहीच नको. (सरकारी भरतीचा फॉर्म वेगळा, तिथे मागतील ते सगळं द्यायचं.) नोटिस पिरियड आणि पुण्याला यायची तयारी आहे हे मात्र नक्की लिहा, बाहेरगावच्या उमेदवाराबद्दल पहिली शंका तीच असते.

इंग्रजी साधंच ठेवा. ग्रामर तपासायला चॅटजीपीटी वापरा, हरकत नाही, पण त्याने घातलेला जो शब्द तुम्हाला तोंडाने बोलता येणार नाही तो काढून टाका.

प्रश्न: मी बीकॉम आहे, 2018 पर्यंत अकाउंट्समध्ये होते, मग मुलगी झाली आणि सासूबाईंचं आजारपण, नोकरी सोडली. आता परत सुरू करायचंय. एवढी मोठी गॅप रिझ्युमेत कशी लपवू? – वाचक, नाशिक

लपवू नका ताई, आणि लाजही वाटून घेऊ नका. साल काढून टाकलेला रिझ्युमे बघितला की वाचणारा आधी सालंच शोधतो. एक सरळ ओळ लिहा, 2018 पासून कौटुंबिक जबाबदारीसाठी करिअर ब्रेक, बस. कोण आजारी होतं, काय झालं, हे कागदावर कोणाला सांगायची गरज नाही. मॅरिटल स्टेटस, मुलांची संख्या तर अजिबात नको.

अकाउंट्समध्ये खरी अडचण गॅपची नसते, मधल्या काळात काम बदललं त्याची असते. तुम्ही सोडलं तेव्हा अकाउंट्सचं सॉफ्टवेअर टॅली ईआरपी 9 होतं, 2020 ला टॅलीप्राइम आलं. जीएसटीत तेव्हा 3बी (गोषवाऱ्याचं रिटर्न) आणि जीएसटीआर-1 (विक्रीचं रिटर्न) भरत होतात, आता खरेदीची बिलं 2बीशी (सप्लायरनी दाखवलेल्या बिलांचं पोर्टलवरचं स्टेटमेंट) जुळवायची असतात आणि खूप ऑफिसांत महिन्यातलं डोकं खाणारं काम तेच आहे. ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) 1 ऑक्टोबर 2020 ला फक्त 500 कोटींवरच्या उलाढालीच्या कंपन्यांना होतं, 1 ऑगस्ट 2023 पासून ते 5 कोटींवर आलं, म्हणजे सातपूर, अंबडमधल्या कितीतरी मध्यम कारखान्यांनाही लागू झालं. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दरही बदलले, बहुतेक वस्तूंसाठी 12 आणि 28 टक्क्यांचे स्लॅब गेले. हे शिकायला मोठा कोर्स लागत नाही, ओळखीच्या सीएकडे दोन-तीन महिने अर्धवेळ बसा, पगार कमी मिळाला तरी चालेल, आणि मग रिझ्युमेत वर तेच लिहा: टॅलीप्राइम, 2बी रिकन्सिलिएशन (म्हणजे तीच जुळवणी), ई-इनव्हॉइस.

आणि तुम्ही पत्रात लिहिलंय की सोसायटीच्या खजिनदार आहात, मेंटेनन्सची बिलं काढता, थकबाकीच्या मागे लागता, दरवर्षी ऑडिटला कागद तुम्हीच देता. मग हे रिझ्युमेत का नाही? पैसे मिळत नाहीत म्हणून? काम तर तेच आहे, वसुली, बँक रिकन्सिलिएशन, सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठीचा राखीव निधी), ऑडिटरच्या शंकांना उत्तरं. फ्लॅट किती, कधीपासून, हे टाकून "मानद खजिनदार" म्हणून अनुभवाच्या भागातच लिहा, छंदाच्या भागात नको.

प्रश्न: मी लातूरचा, बीएस्सी सीएस करून पुण्यात आलोय. एक कन्सल्टन्सी म्हणते 10 हजार भर, दोन वर्षांचा एक्स्पीरियन्स लेटर देतो, फ्रेशरला कोण विचारत नाही. रूमवरच्या दोघांनी घेतलं पण. काय करू? – वाचक, पुणे

नको करूस. तुझी घाई मला कळते, रूमचं भाडं दर महिन्याला द्यावं लागतं आणि घरून रोज फोन येतो, तरी नको. बॅकग्राउंड चेकमध्ये यूएएनवरून (पीएफचा कायमचा नंबर) पीएफची सर्व्हिस हिस्टरी बघतात, फॉर्म 16 किंवा 26एएस (कापलेल्या टॅक्सचे कागद) मागतात, आधीच्या कंपनीला मेल जातो. जॉइन झाल्यावर सापडलं तरी नोकरी जाते, आणि मग पुढच्या ठिकाणी सांगणार काय? मित्रांचं अजून सापडलं नाही म्हणजे सुटले असं नाही.

फ्रेशरला विचारतात, पण दाखवायला काहीतरी लागतं. फायनल इयरचा प्रोजेक्ट नुसता नावाने लिहू नकोस, त्यात तू स्वतः काय कोड केलंस, डेटाबेस कुठला, काय अडलं आणि कसं सोडवलंस ते तीन ओळींत लिही आणि गिटहबची (कोड ऑनलाइन ठेवायची साइट) लिंक दे. गावातल्या कोणाचं काम करून दिलंस, एखाद्या दुकानाचं बिलिंग, क्लासची वेबसाइट, तर ते कॉलेजच्या प्रोजेक्टपेक्षा वर टाक, कारण ते कोणीतरी खरंच वापरतंय. आणि नॅट्सच्या (राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजना) सरकारी पोर्टलवर अप्रेंटिसशिप बघ, स्टायपेंड कमी असतो पण सर्टिफिकेट खरं मिळतं आणि तो अनुभव तुला ताठ मानेने सांगता येतो.

त्या कन्सल्टन्सीला पैसे ऑनलाइन देऊन बसला असशील तर मेसेज आणि यूपीआयची पावती डिलीट करू नकोस, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार कर. आणि गिटहबची लिंक रिझ्युमेत टाकायच्या आधी दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून बघ, खूप मुलांची रिपॉझिटरी (कोडचा तिथला फोल्डर) प्रायव्हेटच राहिलेली असते.