एन्गापेतची गिरकी आणि तिच्या आधीचं काम

प्रिय मित्रा,

फ्रान्सच्या व्हॉलीबॉलपटू एर्विन एन्गापेतसारखा हवेत गिरकी घेऊन स्मॅश मारायचाय, असं लिहिलंस. हौस चांगली आहे, पण सुरुवात शेवटाकडून करतोयस.

तो फटका म्हणजे अडचणीतली सोय. लिफ्टरचा, म्हणजे स्मॅशसाठी बॉल उंच देणाऱ्याचा, बॉल पाठीमागे पडला की नेहमीचा हात तिथे पोचत नाही, मग अंगच वळवावं लागतं. 2015 च्या युरोपियन फायनलमध्ये स्लोव्हेनियाविरुद्ध शेवटचा पॉइंट त्याने असाच काढला आणि जगभर गाजला. चांगल्या बॉलवर हीच कसरत केलीस, तर जोर जाईल, नेटला हात लागेल आणि एका पायावर उतरून गुडघा दुखावशील.

त्याचं खरं भांडवल रिसिव्हिंग, म्हणजे समोरून आलेली सर्व्ह उचलणं. पाय आधी बॉलच्या मागे न्यायचे, हात नंतर जोडायचे. कोपरं ताठ, खांदे लिफ्टरकडे कललेले. हात झुलवू नकोस. फ्लोट, म्हणजे बॉलला फिरकी न देता मारलेली सर्व्ह, ऐनवेळी डगमगते आणि झुलत्या हातावरून बॉल भलतीकडे उडतो. रोज 40 फ्लोट घे आणि नेटपासून मीटरभरावर गेलेलेच मोज.

मग ब्लॉक, म्हणजे नेटवर हात उंचावून स्मॅश अडवणारी भिंत. त्याची उंची 1.94 मीटर, समोर बहुधा दोन मीटरचे गडी. वरून मारण्याचा हट्ट तो धरत नाही, कडेच्या ब्लॉकरच्या बाहेरच्या हातावर मारून बॉल बाहेर घालवतो. बॉल नेटला चिकटलेला असेल तर हलकेच ब्लॉकवर टेकवायचा. परत आलेला बॉल लिबेरो (मागच्या रांगेतला बचावाचा खेळाडू) उचलतो आणि पुन्हा लिफ्ट मिळते. असा बॉल उचलायला मागे कव्हरला कुणी नसेल तर मात्र पॉइंट फुकट गेला.

पहिल्याच पासवर स्मॅशसाठी उडायचं आणि हवेतच दुसऱ्याला लिफ्ट द्यायची, ही त्याची लाडकी थाप. ब्लॉकर फसतात, कारण असा बॉल तो खरोखर मारतोही. तू कधीच मारला नाहीस तर कोण उडेल? पाचातले दोन तरी मार. लिफ्ट देताना हात मागेपुढे लागले की डबल टचची शिट्टी ठरलेली.

प्रसिद्धीबद्दल विचारलंस. बाप एरिक स्वतः खेळाडू आणि कोच, त्यामुळे खेळाची नजर घरातूनच आली. शिस्त मात्र नव्हती: 2010 च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये एकोणीस वर्षांच्या या पोराला संघातून काढलं होतं. इटलीतल्या मोदेनात, जिथे व्हॉलीबॉलचं वेडच आहे, लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. टोकियो ऑलिम्पिकमध्ये फ्रान्स गटात चौथा आला, तरी सुवर्ण जिंकलं आणि सर्वोत्तम खेळाडू हाच ठरला. 2024 ला पॅरिसमध्ये पुन्हा सुवर्ण, तेही उपांत्यपूर्व फेरीत जर्मनीविरुद्ध दोन सेट मागे पडून.

रील बघणं पुरे. टोकियोची फायनल सलग बघ. रशियन सर्व्हिस येताना बॉल सोडून फक्त त्याच्या पायांकडे लक्ष दे आणि प्रत्येक वेळी तो कुठे उभा होता ते वहीत टिप. पाचवा सेट, 15-12, दोनदा बघ आणि वही पाठव.