हरलेल्या संघाच्या दारात आधी जा

प्रिय मुली,

स्मरणिकेसाठी जिल्ह्याच्या फुटबॉलचे दहा संस्मरणीय सामने लिहायचं काम तुझ्याकडे आलं. तू मिरज-सांगलीच्या जुन्या खेळाडूंकडे फिरलीस आणि वहीत जमले ते बहुतेक पराभव. "सर, जो तो कोल्हापुरात कसे हरलो तेच सांगतोय. यात लिहिण्यासारखं काय आहे?" तुझा हा प्रश्न डोक्यातून जात नाही. राग तुझा आला नाही. हा प्रश्न तुझ्या मनात ज्यांनी घातला, त्यांचा आला.

तू अगदी बरोबर दारात उभी आहेस. हरलेल्याकडेच आधी जायचं असतं.

जिंकलेला माणूस तुला कप सांगेल, गुलाल सांगेल, मिरवणूक कुठून निघाली ते सांगेल. गोल कसा झाला विचारलंस तर म्हणेल, "मारला की!" हरलेल्याला विचार. वारा कुठल्या बाजूचा होता, कॉर्नर कोणी घेतला, स्टॉपर म्हणजे मधला बचावपटू कुठं सरकला, गोली म्हणजे गोलरक्षक एक पाऊल पुढं का आला, सगळं सांगेल. इतकी वर्षं तो ती मॅच रोज रात्री खेळत आलेला असतो. तू स्वतः गोली आहेस, तुला हे मी वेगळं काय समजावू?

आपल्याच भागातलं घे. 1952 चं हेलसिंकी म्हटलं की कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, आणि मग ती बैलगाड्यांची मिरवणूक. साताऱ्यातलं लहान पोरही सांगेल, आणि सांगायलाच पाहिजे. पण त्याच हेलसिंकीत, खाशाबांच्या कुस्त्यांच्या काही दिवस आधी, भारताचा फुटबॉल संघ युगोस्लाव्हियाकडून 10-1 हरला. आपला एकमेव गोल अहमद खानचा, तोही मॅच संपता संपता. कित्येक जण त्या थंडीत अनवाणी खेळले. या पराभवानंतर भारताच्या फुटबॉल फेडरेशननं बूट सक्तीचे केले. आज तू बूट घालून मैदानात उतरतेस, त्याची एक मुळी त्या दहा गोलांत आहे. मिरवणुकीची गोष्ट घराघरात राहिली, या मॅचची राहिली नाही. का राहिली नाही, हे तू लिहिणारी म्हणून स्वतःला विचारायचं.

त्याच्या आधीचं 1948 चं लंडन ऑलिम्पिक बघ. फ्रान्सविरुद्ध 2-1 ने हरलो. आपली पोरं अनवाणी खेळली हे सगळ्यांना पाठ आहे. दोन पेनल्टी आपण घालवल्या हे किती जण सांगतात? रामननं बरोबरी साधली होती, फ्रान्सचा दुसरा गोल अगदी शेवटी झाला. म्हणजे ती मॅच हातातली होती. अनवाणी पायांचं कौतुक लिहिलंस तर टाळ्या मिळतील. पेनल्टी घालवणाऱ्याच्या शेजारी बसून लिहिलंस तर वाचणाऱ्याला ती मॅच दिसेल.

मग जिंकलेले सामने लिहायचेच नाहीत का? लिही की. 1962 च्या जकार्ता एशियाडची फुटबॉल फायनल लिही. त्याच एशियाडमध्ये आपल्या कवठेपिरानच्या मारुती माने यांनी कुस्तीचं सुवर्ण मिळवलं, म्हणून आपल्याकडं ते वर्ष कुस्तीचं म्हणूनच ओळखतात. फुटबॉलमध्ये दक्षिण कोरियाला आपण 2-1 ने हरवलं. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांचे गोल. जर्नेल खरा डिफेन्सचा, डोक्याला टाके, तरी प्रशिक्षक रहीमसाहेबांनी त्याला पुढं खेळवला, आणि अख्खं स्टेडियम आपल्या विरोधात ओरडत होतं. पण एवढ्यावर थांबलीस तर मी तुझा मसुदा परत पाठवीन. याच स्पर्धेतली पहिली मॅच आपण याच कोरियाकडून 2-0 ने हरलो होतो. तो पराभव गाळलास तर फायनलचा अर्थच लागत नाही. जिंकलेल्या सामन्यातसुद्धा हरलेली मॅच शोध, असं मी जे वर्गात कंठशोष करून सांगायचो, ते हेच.

तुला कोणीतरी सुचवलंय की जागा भरायला कोल्हापूरचे गाजलेले सामने घाल. अजिबात घालू नकोस. तिथल्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि प्रॅक्टिस क्लब या संघांची मॅच असते तेव्हा गॅलरीत पाय ठेवायला जागा नसते. तालमींच्या नावानं संघ उभे करणारं असं गाव दुसरं दाखवता येणार नाही. पण तो त्यांच्या पेठांचा इतिहास आहे, तो त्यांनी लिहावा. आपला इतिहास म्हणजे मिरजेहून पॅसेंजरनं पोरं न्यायची, बूट एकमेकांत वाटून घालायचे आणि त्या गर्दीपुढं शेवटच्या शिट्टीपर्यंत उभं राहायचं. तिथं 1-0 ने हरणं काय असतं, हे कोल्हापूरकराला लिहिताच येणार नाही.

मी हट्टी आहे असं तू ऐकलं असशील. एका वर्धापनदिनाच्या अंकासाठी मी अशाच एका पराभवावर लिहिलं होतं. आमच्या गोलीनं त्या दिवशी काय काय अडवलं, ते सगळं. संपादक मंडळी म्हणाली, "आनंदाच्या दिवशी पराभव कशाला? तेवढा भाग काढा." मी तेवढा भाग काढला नाही, अख्खा लेखच मागं घेतला. अंक निघाला, त्यात कपांचे फोटो. पुढं तो गोली वारला, त्याचं नाव कुठंच छापलं गेलं नाही. त्याच्या घरावरून जाताना अजून पाय जड होतो. लोक म्हणाले, थोडं नमतं घेतलं असतंस तर निदान लेख तरी आला असता. कुठला लेख? त्याला गाळलेला? तो येऊन त्याला काय मिळणार होतं? आज तीच मंडळी तसंच म्हणाली, तरी मी तेच करीन.

म्हणून घाई कर. 2019 च्या महापुरात सांगलीतल्या घराघरांतले किती कागद, किती फोटो गेले ते तू पाहिलंयस. माणसंही चाललीत.

दोघांना एकत्र बसवू नकोस, मोठ्या आवाजाचा दुसऱ्याला बोलू देत नाही. एकाचं ऐकलेलं दुसऱ्याला सांगू नकोस. दोघांचे स्कोअर वेगळे आले तर दोन्ही लिहून ठेव. जुन्या वर्तमानपत्राची फाईल मिळेपर्यंत निवाडा करायचा नाही. साल विचारू नकोस, माणूस गांगरतो. टीममध्ये कोण कोण होतं, कोणाचं लग्न झालेलं होतं, कोण नोकरीला लागला होता ते विचार, साल त्यातून निघतं. आणि घरी आल्यावर त्याच रात्री लिही.

मिरजेच्या त्या म्हाताऱ्या बॅककडे, त्या जुन्या बचावपटूकडे, तू एकदा जाऊन आलीस आणि "ते फक्त स्वतःची चूक सांगतात" म्हणून परतलीस. परत जा. ती चूकच पूर्ण ऐक, मध्ये धीर देऊ नकोस. पहिला मसुदा मला पाठव. बैठकीत कोणी कात्री घेऊन बसलं तर तारीख कळव, मी येतो.

तुझे,
सर